मशीनला कोमट पाणी

आंघोळीचं पाणी दोनदा तापवायची पद्धत आमच्या घरात मी सुरू केली आणि ती एकच दिवस टिकली.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. (लग्नपत्रिकेतही छापलं होतं!) अवसरी बुद्रुकच्या घरात, मोरीमागे मी स्वतःच्या हातानं पाणी तापवायचं मशीन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा हीट पंप, बसवला. नळीत नळी, आतून दाबून तापवलेला गॅस, बाहेरून उलट दिशेनं थंड पाणी. गॅस निवतो, पाणी कढत होतं. सासऱ्यांचं आळेफाट्याला लॉज आहे. पाणी आवडलं तर अख्ख्या लॉजची ऑर्डर, माझी पहिलीच! त्यासाठी ते मुद्दाम मुक्कामाला आले.

सकाळी कडाक्याची थंडी. सासरे टॉवेल गुंडाळून मोरीच्या दारात उभे. नळाला बारीक धार.

"जावईबापू, बादली भरंपर्यंत दुपार व्हईल!"

"मामा, फक्त पाच मिनिटं!"

मला वाटलं, थंड पाणी तापवायचं म्हणून वेळ लागतोय. कोमट दिलं तर मशीनचं काम निम्मं! इतकं सोपं!

"आई, बंब पेटव!"

"का रं? मशीन बिघडलं?"

"बिघडलं नाय. त्याला गरम पाणी पायजे."

"मशीनला? सर्दी झालीय व्हय त्याला?"

बंब तापला. मी दोन बादल्या कढत पाणी मशीनच्या टाकीत ओतून आतलं थंड पाणी कोमट केलं. मशीन घुरघुरलं, थरथरलं, दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि खट! बंद! पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खट!

"अहो," बायको म्हणाली, "काल तासभर तुम्हीच शिकवत होता ना, गॅस निवायला थंड पाणीच लागतं म्हणून? आता तो बिचारा निवणार कशावर?"

शरमेनं माझे कान तापले. (त्या दिवशी माझ्याकडून तेवढंच तापलं!)

"गारठून मेलो राव!" म्हणत सासऱ्यांनी बंबाचा नळ सोडला आणि उरलेल्या पाण्यानं आंघोळ उरकली. बाहेर आले ते लालबुंद आणि खूश.

"लई झ्याक पाणी! लॉजला असंच पायजे."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे ऑर्डर पक्की, मामा?"

"पक्की की! चार बंब घेतो. बसवायला तुमीच या. इंजिनिअर माणूस, लाकडं नीट रचाल."

गेलो, बसवले. चारही बंब झकास पेटतात. तिथं मी डोळे पुसताना दिसलो, तर तो धूर आहे, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय!