डॉ. पंचशीला सरवदे यांची निळी रेघ

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी गावातल्या सगळ्यांनाच आपण वीतभर उंच झाल्यासारखं वाटत होतं. कालपर्यंत उस्मानाबादला हेलपाटे घालणारी माणसं आता आपल्याच गावच्या कचेरीत हेलपाटे घालू लागली आणि त्याचाही त्यांना अभिमान वाटू लागला. दुकानांवर नव्या पाट्या चढल्या. एका कॉलेजचे प्राचार्य शेषेराव यांना वाटलं, जिल्ह्याच्या ठिकाणी आता संशोधनही पाहिजे. पाहिजे म्हणजे नेमकं काय पाहिजे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण मनाचे मोठे होते. हैदराबादेत रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन नुकत्याच परतलेल्या पंचशीला सरवदेंना त्यांनी रसायनशाळेमागची एक खोली देऊन टाकली. त्या खोलीत तोवर गॅदरिंगचे पडदे ठेवत.

पंचशीलाबाई लातूरजवळच्या मुरुडच्या. वडील भुजंग सरवदे लवकर गेले. आई सरजाबाईंनी माळावरच्या जमिनीच्या तुकड्यावर आणि दुसऱ्यांच्या शेतांवर राबून लेकीला शिकवलं. बहात्तरच्या दुष्काळात मायलेकी एकाच कामावर खडी फोडत होत्या. दुपारच्या सुटीत लेक दगडाच्या ढिगाला टेकून बीजगणित करायची आणि मुकादम म्हणायचा, पोरगी हिशेबाची पक्की आहे, हिच्यापुढं जपून बोला. पुढं बाई मोठ्या झाल्या तरी हा मुकादमाचा शेरा त्या आपली पहिली पदवी म्हणून सांगायच्या.

नव्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी विषय निवडला तो दुष्काळच. पाणी तोडल्यावर काही रोपं मान टाकतात आणि काही तग धरतात. तग धरणाऱ्यांच्या अंगात तेव्हा काय घडतं, हा त्यांचा प्रश्न. बियाणं विकत आणायला पैसे नव्हते, म्हणून आईच्या मडक्यात राखेत ठेवलेली मुरुडकडची दगडी नावाची गावरान ज्वारी त्यांनी घेतली. रोपं वाढवली, पाणी तोडलं, पानं वाटून रस काढला. काचांमध्ये जेलचा पातळ थर भरून त्यात रस सोडायचा आणि वरून वीज लावायची, की त्यातली प्रथिनं आपापल्या वजनाप्रमाणे मागंपुढं पळतात. मग रंग दिला की निळ्या रेघा उमटतात. जेल गार राहावं म्हणून बर्फ लागे. तो गारीगारच्या कारखान्यातून यायचा, त्यामुळे प्रयोगशाळेला कायम वाळ्याचा वास असे.

एका दिवशी, पाणी तोडलेल्या रोपांच्या रसात, एक जादा रेघ आली. पाणी घातलेल्या रोपांत ती नव्हती. बाईंनी प्रयोग पुन्हा केला, मग पुन्हा केला. शेवटी प्रयोगशाळेतले मदतनीस नागप्पा यांना करायला लावला, कारण आपल्याच डोळ्यांवर त्यांचा विश्वास बसेना. नागप्पांच्या हातूनही रेघ आली. त्र्याऐंशीच्या अखेरीस तो शोध छापून आला आणि शेषेरावांनी स्वखर्चानं पेढे वाटले.

पेढे पचायच्या आत आक्षेप आला. संशोधनाला पैसे देणाऱ्या नांदेडच्या मंडळात डॉ. विरूपाक्ष हत्ते नावाचे गृहस्थ होते. हुशार माणूस, पण विश्वास ठेवण्याच्या बाबतीत फार कंजूष. त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत संकरित ज्वारीवर तोच प्रयोग केला. रेघ आली नाही. पंच्याऐंशीच्या बैठकीत त्यांनी शांतपणे सांगितलं की ही रेघ ज्वारीची नाही, लातूरच्या मचूळ पाण्याची आहे. बाई म्हणाल्या, सर, बियाणं वेगळं होतं, माझं बियाणं घेऊन बघा. हत्ते म्हणाले, त्यासाठी पुन्हा वर्ष कोण घालवणार? मग मंडळानं निवाडा दिला. जगात कुणीतरी हा प्रयोग करून पाहावा, आपल्या लेखात सरवदेबाईंच्या लेखाचा दाखला द्यावा, म्हणजे मानू. सत्त्याऐंशीच्या बैठकीपर्यंत असा एकही दाखला आला नाही, तर अनुदान बंद आणि उपकरणं परत. म्हणजे खोलीत पुन्हा पडदेच यायचे.

दाखला ही भानगड मोठी विचित्र. लग्नात कुणी कुणाचं नाव घ्यावं हे ठरलेलं असतं, विज्ञानात तसं काही नसतं. कुणी तुमचं नाव घेतलं तर तुम्ही आहात, नाही घेतलं तर तुम्ही नव्हताच. आणि लातूरच्या बाईचं नाव घ्यायला साऱ्या जगाला सवड कुठली?

तरी पोस्टकार्डं येत होती. तेव्हा लेखाची प्रत हवी असली की शास्त्रज्ञ लेखकाला कार्ड टाकत आणि लेखक ती फुकट पाठवत असे. हंगेरीतून कार्ड आलं, ब्राझीलमधून आलं, सुदानमधून आलं. पोस्टमन ते कार्ड वाटेत दोन-चार जणांना दाखवूनच बाईंच्या हाती देई. बाई घरी बसून पत्ते लिहीत. पाकिटं खळीनं चिकटवणं आणि पोस्टात टाकणं हे सरजाबाईंचं काम. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण तिकीट कुठल्या कोपऱ्यात लावायचं यावर त्या पोस्टमास्तरशीही वाद घालत.

तेवढ्यात पुन्हा दुष्काळ पडला. नळ कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम राहिला नाही. प्रयोगाला लागणारं शुद्ध पाणी वाफ करून गाळावं लागे आणि त्या वाफेला थंड करायला नळीभोवती साधं पाणी सतत वाहतं ठेवावं लागे. शेषेरावांनी हात जोडले. गाव तहानलेलं असताना कॉलेज पाणी सांडतंय, हे बरं दिसत नाही, म्हणाले. बाईंनी सांगितलं, सर, हे पाणी कुठं बिघडतंय? नुसतं कोमट होतं. मग खिडकीतून एक रबरी नळी मागच्या गल्लीत सोडली. दुसऱ्या दिवसापासून तिथं घागरींची रांग लागली. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, बाई, तुमचं संशोधन रोज चालू ठेवा, लेकरांच्या आंघोळी होऊन राहिल्यात. साऱ्या मराठवाड्यात रेण्वीय जीवशास्त्राला एवढा पाठिंबा कुठंच नव्हता. नांदेडच्या मंडळात मात्र या बायकांना मत नव्हतं.

सत्त्याऐंशी उजाडलं. बैठक नांदेडला ठरली. बाईंचा धीर सुटत चालला होता. नागप्पांनी उपकरणं पुसून त्यांच्या मूळ खोक्यांजवळ नेऊन ठेवली, तेव्हा त्या त्यांच्यावर विनाकारण चिडल्या आणि मग त्यांनाच चहा पाजला.

बैठकीच्या आठवड्यात टपालानं तीन जाड पाकिटं एका मागोमाग आली. हंगेरीच्या शास्त्रज्ञानं आपला लेख धाडला होता, ब्राझीलच्या बाईनं धाडला होता, सुदानच्यानंही. तिघांनी प्रयोग केला होता. तिघांना रेघ दिसली होती. तिघांनी डॉ. सरवदेंच्या लेखाचा दाखला दिला होता. पंचशीलाबाई खुर्चीवर बसल्या त्या उठेचनात. मग त्यांनी आभाराच्या ओळी वाचल्या आणि त्या पुन्हा वाचल्या. हंगेरीवाल्यानं लिहिलं होतं, डॉ. सरवदे यांनी आठवणीनं बियाणं पाठवलं, त्यांचे आभार. बाकी दोघांनीही तेच लिहिलं होतं.

त्यांनी बियाणं पाठवलंच नव्हतं. परवानगीशिवाय बी देशाबाहेर धाडायचं नसतं, हे बाई स्वतः मुलांना दरवर्षी शिकवत असत.

संध्याकाळी त्या घरी आल्या. सरजाबाई ज्वारी पाखडत होत्या. लेकीनं विचारलं, माय, पाकिटात तू काही घालायचीस का? सरजाबाईंनी सूप खाली ठेवलं नाही.

"मग? चिमूटभर ज्वारीची पुडी टाकायची. रिकामं पाकीट कोन धाडतं व्हय?"

शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही, गूळ नाही तर निदान चार दाणे तरी घालून द्यायचे, ही मुरुडची रीत. त्या रीतीत हंगेरी बसते की नाही, हा प्रश्न सरजाबाईंना पडला नव्हता. लेकीनं डोक्याला हात लावला. कायदा सांगितला. सरजाबाई म्हणाल्या, कायदा करणाऱ्याला त्याच्या मायनं काही शिकवलेलं दिसत न्हाई.

नांदेडला जाताना एस.टी.त बाईंनी मनाशी खूप वाद घातला. बियाणं आपणच पाठवलं म्हणावं, तर नियम मोडला ते अंगावर येणार. गप्प बसावं, तर हत्ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत. वाटेतलं लोहा गाव मागं पडलं तेव्हा त्यांनी ठरवलं की खरं सांगायचं. खोटं बोलून वाचवलेल्या रेघेकडे रोज कसं बघणार?

हत्त्यांनी विचारलंच. तिन्ही लेख त्यांनी बारकाईनं वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, बियाणं यांच्याकडं कसं गेलं? पंचशीलाबाई उभ्या राहिल्या. आईनं प्रत्येक पाकिटात पुडी टाकली, मला माहीत नव्हतं, पण चूक माझ्या घरात झाली, तेव्हा ती माझीच, असं त्यांनी सांगितलं. रिकाम्या वाटीची रीतही सांगितली. मग मंडळाचे अध्यक्ष हसू लागले आणि बाकीच्यांनाही हसू आवरेना. हत्ते एकटेच हसले नाहीत. ते पुन्हा पहिल्या लेखाचं पान उलटून निळ्या रेघेच्या फोटोकडे बघत राहिले.

"बाई, रेघ पाण्याची नव्हती. मी चुकलो," ते म्हणाले. "मीही एक कार्डच टाकायला हवं होतं."

अनुदान पुढं चालू राहिलं. यापुढं बियाणं रीतसर परवानगीनं जाईल, असं मंडळानं बाईंकडून लिहून घेतलं आणि विषय मिटवला. हत्त्यांनी जाता जाता मूठभर ज्वारी मागितली. आता त्यांच्यासारख्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

पंचशीलाबाई घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी आईला सगळं सांगितलं. अनुदान मिळालं, तीन देशांत आपल्या कामाचे दाखले छापून आले, अजून येतील. सरजाबाईंनी ऐकून घेतलं. दाखल्यांमध्ये त्यांना फारशी गोडी दिसली नाही. त्या दुसऱ्याच विचारात होत्या.

"त्या लोकांनी आपली ज्वारी ठिवून घेतली?" त्यांनी विचारलं. "कुनी टाकून न्हाई दिली?"

"कामून टाकतील, माय?"

सरजाबाई भिंतीला टेकून बसल्या. मग सांगू लागल्या. मुरुडला सून म्हणून आल्या तेव्हा खळ्यावर त्यांच्या पदरात धान्य वरून टाकत, हात लागू नये म्हणून. वाटी परत द्यायची रीत होती, पण ती आपल्या आळीपुरती. वेशीच्या आतल्या घरांतून सरजाबाईंच्या दारात कधी वाटीच आली नाही, तर परत काय द्यायची? धम्म घेतल्यावर त्यांनी मागणं सोडलं, मान ताठ केली, तरी त्यांच्या घरचा दाणा कुणी मागून नेला नव्हता.

"समदा जलम आपूनच पदर पसरला," त्या म्हणाल्या. "आन् पयल्या डाव कुनीतरी आपल्या घरला मागितलं. ते बी लिहून, लांबून. त्यास्नी मी रिकामं कसं धाडू?"

पंचशीलाबाईंना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. जगातल्या कुठल्यातरी शास्त्रज्ञानं आपला दाखला द्यावा, याची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती. त्यांची आई त्याहून कितीतरी अधिक वर्षं वाट बघत होती, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्या आईजवळ सरकून बसल्या.

"ठिवून घेतली, माय. तिघांनी बी. मातीत पेरली आन् कुनाच्या घरची हाय ते समद्या जगाला छापून सांगितलं."

"उगवली का पर?"

"उगवली."

"मग झालं," सरजाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला उठल्या.