तडकलेलं रणांगण
व्हार्निशचा वास आला की पिंप्राळ्याची भाड्याची खोली आठवते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि सुटीच्या दिवशी टेबलावरच्या युद्धखेळासाठी बोटाएवढे सैनिक रंगवून त्यांना व्हार्निश मारायचो. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. एकदा दुसऱ्या दिवशी या खेळाचा सामना होता. रणांगण खरं दिसावं म्हणून मी नरडाण्याहून आमच्या वावरातली काळी माती आणली आणि गोंदात कालवून फळीवर थापली. वाळल्यावर ती आडवीतिडवी तडकली. सुरीने खरवडायला बसलो, तेवढ्यात वडील आले. तेच वावर कारखान्याला देऊन, खरेदीखतावर अंगठा उठवून आले होते. "इतलं शिकना, नि बाहुल्या रंगाडस?" म्हणाले. मग वाकून शाईचा अंगठा भेगेवरून फिरवला. "आपला वावरनी शे ना?" "हो आबा. बिघडली." "बिघडनी नही. काळी माती शे, सुकनी का तडकीच. ऱ्हाऊ दे." मी सुरी ठेवली, चहा टाकला. सामना त्याच भेगांवर खेळलो आणि हरलो. आता त्या वावरात कारखान्याची भिंत आहे आणि आबा नाहीत. फळीला दरवर्षी व्हार्निश मारतो. भेगा बुजवत नाही.