इलाहीबक्षच्या सोळा गाठी

आमच्या नाटक कंपनीत टाळ्या आम्ही घेत असू, पण पडदा ओढायचा तो इलाहीबक्ष. चाळीस वर्षं. दोराला त्यानं अंतराअंतरावर गाठी मारल्या होत्या. विंगेतल्या अंधारात हाताखालून किती गाठी सरकल्या, यावरून पडदा कुठवर आला ते त्याला कळे. मी मरणाच्या प्रवेशात कोसळले, की माझा शेवटचा हुंदका होईपर्यंत तो दोर सोडत नसे. एकदाही त्यानं मला लवकर मारलं नाही.

साठीनंतर काचबिंदूनं त्याची दृष्टी गेली. त्याचं त्यानं कधी रडगाणं गायलं नाही. तो चिडला तो लोकसभेच्या मतदानानंतर. रिक्षा चालवणारा मुलगा हमजा सोबती म्हणून आत गेला, बापाच्या वतीनं बटण दाबलं आणि संध्याकाळी रिक्षा स्टॉपवर अब्बांनी कुणाला मत दिलं ते सहज बोलून गेला. दुसऱ्या दिवशी चहावाल्यानंसुद्धा टोमणा मारला.

"बाई, मत माझं, आन् ठावं साऱ्या गल्लीला!" तो मला म्हणाला. "विधानसभेला एकटा जानार. न्हाय जमलं तर जानारच न्हाय."

यंत्रावर ब्रेलचे आकडे असतात, पण दोरानं घट्टे पडलेल्या त्याच्या बोटांना ते ठिपके लागेनात.

आमच्या भागातली मतदारयादी सांभाळते ती रशीदा, उर्दू शाळेतली शिक्षिका. एक दिवस ती सांगत आली, "परदेशातले निवडणूक अधिकारी आपल्या शाळेत सरावाचं यंत्र बघायला येतायत. चाचांना घेऊन या की."

गेलो. नेपाळचे दोघे होते आणि घानाच्या अबेनाबाई. त्यांच्या आवाजात असा खर्ज, की आमच्या मालकांनी जागेवर राणीची भूमिका दिली असती, असं मी इलाहीबक्षच्या कानात म्हटलं.

सरावाच्या यंत्रावर सोळा बटणं, पण चित्रं वरच्या सहांपुढेच होती, खालची बटणं झाकलेली. "चाचा, दुसरं बटण दाबा," रशीदा म्हणाली. इलाहीबक्षनं बोटांनी चाचपून ऐटीत बटण दाबलं. रशीदानं शेजारच्या काचेत उमटलेली चिठ्ठी वाचली आणि पुन्हा बटणं मोजली.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं.

"पाचवं दाबलंत, चाचा. खालून मोजलंत."

त्याचा चेहरा उतरला. "दोराचं टोक हातात, खाली. जलमभर गाठी खालनंच मोजल्या की मी."

रशीदानं हे अबेनाबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी पिशवीतून एक पुठ्ठ्याचं पाकीट काढलं. त्यांच्याकडे कागदी मतपत्रिका त्यात ठेवतात. प्रत्येक उमेदवारासमोर भोक आणि बाजूला उंचवटे, वरून पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. आंधळा उंचवटे चाचपून एकटाच भोकातून अंगठा उमटवतो, म्हणून मत कुणाला दिलं ते कुणाला कळत नाही.

इलाहीबक्षनं पाकीट दोनदा चाचपलं आणि हसला. "रशीदा, सूत आन."

चादरीच्या कारखान्यातलं जाड सूत आलं. यंत्राच्या मापानं त्यानं सोळा बटणांच्या सोळा गाठी मारल्या. सगळ्यात वरची दुहेरी. ती वरच्या कडेला अंगठ्यानं दाबायची आणि खाली उतरायचं. पुन्हा सराव केला. दुसरं सांगितलं, दुसरंच दाबलं. अकरा वेळा.

अबेनाबाईंनी ते सूत हातात घेतलं आणि रशीदाला काहीतरी म्हणाल्या. तिनं सांगितलं, "चाचा, आमचा पुठ्ठा पावसात भिजतो, म्हणतायत. एक सूत त्यांना हवंय."

"एक का? दोन घ्या म्हनाव. एक रानीसाहेबांना, एक हापिसाला."

मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी सूत तपासलं, उमेदवारांची नावं क्रमानं वाचून दाखवली आणि त्याला आडोशाशी नेऊन सोडलं. हमजा आणि मी व्हरांड्यात. किती वेळ गेला! पहिल्या प्रयोगालासुद्धा मला एवढा घाम फुटला नव्हता. मग यंत्राची ती लांब शिट्टी वाजली आणि मी टाळ्या वाजवल्या. पोलिसानं डोळे वटारले.

इलाहीबक्ष भिंतीला हात लावत बाहेर आला. सूत खिशात, मान ताठ.

"अब्बा," हमजा हळूच म्हणाला, "कुणाला?"

"रिक्षा काढ," इलाहीबक्ष म्हणाला.