पोरगी वाचते

कामठ्याच्या केवलरामला सिनेमा न पाहताच सांगायची खोड होती. पोटच त्यावर चालत होतं म्हणा! गोंदियाच्या टॉकीजमध्ये नवा सिनेमा लागला की ऑटोला पोस्टर चिकटवायचं, भोंगा बांधायचा आणि गावोगाव ओरडत फिरायचं. अर्धी गोष्ट पोस्टरवरून, अर्धी मनची. लोकांनाही ते ठाऊक होतं, तरी ते जात.

एका उडणाऱ्या हिरोच्या सिनेमाचा पहिला भाग मात्र त्याने लेकीला, समीक्षाला, सोबत नेऊन पाहिला. शेवटी खलनायक एका लहान पोरीला उचलून नेतो आणि सिनेमा तिथेच संपतो. लोकांनी शिव्या घातल्या. समीक्षाच्या डोक्यातून ती पोरगी जाईना. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हातपाय ठणकायला लागले की ती विचारायची, "बाबा, त्या पोरीचं काय होते?" मग केवलराम दुसरा भाग रचायला बसायचा. रोज नवा. पोरगी रोज सुटायची.

"पाहजो, वाचतेच ते पोरगी," तो छातीठोकपणे सांगायचा.

खरा दुसरा भाग यायच्या आधीच समीक्षा गेली.

तो आला तेव्हा तिकिटांसाठी झुंबड उडाली. पहिल्याच खेळाला केवलराम मागे भिंतीशी उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला सिनेमाची भीती वाटत होती. सिनेमा झकास झाला होता, लोकांनी मनात धरला होता त्याहूनही सरस. आणि त्यात ती पोरगी मरत होती. शिट्ट्या मारणारी टारगट पोरंसुद्धा रडली. केवलरामला मात्र रडू आलं नाही. आपल्या कोपराशी कुणीतरी उभं आहे आणि वर मान करून आपल्याकडेच बघतंय, असं त्याला वाटत राहिलं. तिकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा गरजला, "आ गया, आ गया! दूसरा भाग! देखिए, छोटी बच्ची कैसे बचती है!"

टॉकीजचा मॅनेजर चिडला. "बच्ची तो मरती है ना? झूठ क्यों बोल रहा है?"

केवलरामने मान डोलावली आणि पुढच्या गावात तेच सांगितलं. माइक तोंडाशी धरला की त्याला त्यात आणखी एक श्वास ऐकू येई, लहान, धापा टाकणारा. त्या श्वासासमोर खरं बोलायला त्याची जीभ वळत नव्हती. त्याच नादात त्याने ऑटो कामठ्यातूनही फिरवला. तिथेच चुकलं.

लेक गेल्यापासून त्याची बायको अल्का कुठे म्हणून जात नव्हती. दुसऱ्या सकाळी तो बघतो तर ती ठेवणीतली साडी नेसून तयार.

"मलेबी न्या," ती म्हणाली. "ते पोरगी वाचतानी पाहाची आहे मले."

"सिनेमा उतरला," केवलराम कसाबसा म्हणाला.

अल्काने दाराबाहेर पाहिलं. ऑटोवर त्याने आत्ताच नवं पोस्टर लावलं होतं, त्याची खळ अजून ओली होती.

मग हळूच म्हणाली, "म्हंजे... तेबी पोरगी मेली?"