लोणीला जाऊन केलेली दुरुस्ती

लोणीहून मामेबहीण सुनंदाचा फोन आला. "दादा, टीबीचा त्यो फवारा दवाखान्यात कधी येनार? ईश्वरीला त्योच देऊ म्हंत्यात हे."

'हे' म्हणजे दाजी. त्यांना नुकताच फुफ्फुसाचा टीबी निघालाय, औषध चालू आहे. ईश्वरी त्यांची चार वर्षांची मुलगी. आणि फवारा माझ्याच ब्लॉगवरचा. दंडावर टोचलेली बीसीजी लहान मुलांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून बरीच वाचवते, पण फुफ्फुसात तिचं संरक्षण तोकडं पडतं. म्हणून फवाऱ्याने, श्वासावाटे लस देऊन संरक्षक पेशी फुफ्फुसातच मुक्कामाला ठेवता येतील का, यावर संशोधन चालू आहे, असं मी उत्साहाने लिहिलं होतं. लस अजून प्रयोगात आहे, हे फक्त शेवटच्या ओळीत. फोनवर सांगून भागलं असतं. पण माझं वाचून माणसं त्या लसीची वाट बघत थांबली होती, म्हणून गेलो.

शनिवारी सकाळी सहाला पुण्याहून स्कूटर काढली. चाकणची गर्दी टाळायची तर एवढं लवकर निघावंच लागतं. मंचरला मिसळ खाल्ली. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. तिथून पूर्वेला वळलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा. अंधार पडल्यावर मात्र इथे दुचाकी नको, बिबट्याचा वावर आहे.

सुनंदाच्या ओट्यावर गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविका, बसलेल्या. "तुमीच का ते लिवनारे पावणं? तीन खेपा झाल्या माझ्या. पोरीला तपासू, आजार नसंल तर पुढं होऊ नये म्हणून गोळ्या चालू करू, म्हंते मी. तर हे भाऊ मोबाईलवर तुमचंच वाचून दाखवत्यात!"

दाजी मास्कमधून म्हणाले, "बिबट्या उसात अन् राखणदार येशीवर, असं लिवलंय न्हवं तुमी? मग उसातला राखणदार येईस्तवर थांबू की राव. पोरीला उगं कशाला गोळ्या?"

उपमा माझीच होती: बिबट्या म्हणजे टीबी, ऊस म्हणजे फुफ्फुस, वेशीवरचा राखणदार म्हणजे दंडावरची बीसीजी.

"दाजी, तो राखणदार अजून तयार व्हायचाय. कधी येईल, येईल की नाही, कुणालाच सांगता येत नाही. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. चुकलो."

"चुकलो काय म्हंता? शिकल्याली मानसं तुमी."

"भाऊ," आशाताई म्हणाल्या, "बिबट्या दिसला तर राखणदाराची वाट बघता का फटाके लावता? गोळ्या म्हंजे फटाके समजा."

सुनंदा हसली नाही. "सोमवारी नेते मी तिला."

दाजींनी मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाले, "मी बी येतो."

रविवारी परतताना खोडदला वळलो. रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या शेतांमधून रस्त्यावरूनही दिसतात. आत जायला आधी परवानगी काढावी लागते. बांधावरचा एक शेतकरी म्हणाला, "वरसानुवरसं आभाळाचं ऐकत बसत्यात. लई दम हाय त्यांच्याकडं." संशोधनाला तेवढा वेळ लागतोच. ईश्वरीकडे तो नव्हता.

तपासणीत तिला आजार निघाला नाही. गोळ्या चालू झाल्यात. पहिली तिने थुंकून टाकली, असं सुनंदाने कळवलं.

जुना लेख मी काढला नाही. वर नवी ओळ घातली: ही लस अजून मिळत नाही, घरात टीबीचा रुग्ण असेल तर मुलांची तपासणी आजच करून घ्या. बिबट्याच्या उपमेखाली आशाताईंची फटाक्यांची उपमाही जोडली, त्यांना विचारून. तो लेख वाचून आणखी कुणी थांबलंय का, हे कळायला मला काहीच मार्ग नाही.