दादांचं विमान आणि जोशीकाकांचा हिशोब

डबा खाताना कुणीतरी विमानाचा विषय काढतं आणि मग जेवणाची सुट्टी पुरत नाही. नाशिकजवळ अंबडला आमची गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. मी ॲडमिनमध्ये, सगळ्यांची तिकिटं काढणं माझं काम. तीन वर्षांपूर्वी आमचे मालक दादा यांनी आठ सीटचं विमान वर्षाला ठरावीक तास भाड्यानं घेतलं. तेव्हापासून एकेक किस्सा साठत गेलाय.

*

अकाउंट्सच्या जोशीकाकांचा विरोध पहिल्या दिवसापासून. दादा त्यांना समजावत होते, "काका, चेन्नईला आम्ही चौघांनी जायचं म्हणजे मुंबईपर्यंत टॅक्सी, पुढे विमान, वर हॉटेल. तीन दिवस गेले. आता सकाळी ओझरहून उडायचं, संध्याकाळी जेवायला घरी."

काकांनी सगळं लिहून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही तीन दिवस नसता तेव्हा इथे कामं भराभर होतात. तो फायदा बुडणार. तो कुठे धरू?"

*

छोट्या विमानात प्रत्येकाचं वजन आधी सांगावं लागतं. सेल्सचे देवरे म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर." पायलटनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि काटा पुढे सरकवला. चौऱ्याण्णव भरले!

दादा मागेच उभे होते. म्हणाले, "देवरे, तुमचे विक्रीचे आकडे कसे तयार होतात ते आज कळलं."

*

एकदा तमिळनाडूतल्या होसूरच्या ग्राहकाची गाड्या जोडायची लाइन आमच्या पार्टमुळे थांबली. फोनवर फोन. लाइन लवकर सुरू झाली नसती तर ऑर्डर गेलीच होती. दादांनी आमचे जुने फिटर गायकवाडमामा आणि नव्या पार्टचे दोन खोके विमानात बसवले. दुपारी लाइन सुरू झाली, ऑर्डर वाचली.

मामा कळवणकडचे, आयुष्यात पहिल्यांदा उडालेले. परतल्यावर मी विचारलं, "मामा, भीती नाही वाटली?"

"भीती कसली? आमच्या कळवणच्या जीपपेक्षा बसायला लय ऐसपैस हाय."

*

पण त्याच ग्राहकाचा पर्चेसवाला पुढच्या महिन्यात भावावर अडून बसला. "स्वतःचं विमान उडवता, मग पाच टक्के कमी करायला काय हरकत आहे?"

तेव्हापासून दादांची सक्त ताकीद आहे. ग्राहकानं विचारलं, कसे आलात, तर सांगायचं, "बसनं."

देवरे तर एकदा सांगून बसले, "शिवशाहीनं." मीटिंग चेन्नईत होती.

*

आणि काशिनाथचा किस्सा. सुरगाण्याचा काशिनाथ आमच्याकडे पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतो. एका सकाळी त्याची उजव्या हाताची दोन बोटं तुटली. नाशिकच्या डॉक्टरांनी हात बांधला, बोटं बर्फाच्या डब्यात ठेवली आणि सांगितलं, "वेळेत पोचलात तर जोडता येतील. पण तसा सर्जन आत्ता पुण्यातच मिळेल." पुण्याच्या रस्त्यावर ट्रक उलटून सगळं ठप्प होतं.

दादा तेव्हा ओझरला विमानात बसलेले, बंगळूरला मोठ्या ऑर्डरची मीटिंग. मीटिंग सोडून उतरा, असं मालकांना सांगणार कोण? जोशीकाकांनी माझ्या टेबलावरचा फोन उचलला.

"साहेब, खाली उतरा. काशिनाथ येतोय."

बावीस वर्षांच्या नोकरीत काकांनी मालकांना दिलेला हा पहिला हुकूम. दादा उतरले. मीटिंग बुडाली. काशिनाथची बोटं जोडली गेली. आता तो पुन्हा प्रेसवर आहे, चहाचा कप उजव्याच हातानं धरतो.

वर्षअखेरीस ऑडिटर आला. विमानाच्या प्रत्येक फेरीचा तक्ता काका स्वतः भरतात: कोण गेलं, कुठे गेलं, कंपनीला फायदा काय. त्या पुण्याच्या फेरीवर ऑडिटरचं पेन थांबलं. त्यानं तक्ता माझ्याकडे वळवला.

फायद्याच्या रकान्यात काकांनी त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "बोटं, नग दोन."