पेलो नाई
दारूसाठी मोहफुलं वाळत पडली की त्या आंबूस-गोड वासाबरोबर मला एटापल्लीतला एक शाळेचा शिपाई आठवतो. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा होता, मी तिथल्या दवाखान्यात नवी नर्स होते आणि डॉक्टर रजेवर होते. मुख्याध्यापक शिपायाला घेऊन आले आणि म्हणाले, "हा रोज पिऊन येते. तसं लिहून द्या, आजच याले घरी बसवतो." शिपाई पाय फाकवून भिंतीला धरून उभा होता. जीभही जड होती. "बाई, आमी बौद्ध. पंचशील घेतलं हाये, दारूले शिवत नाई. पेलो नाई." मी सरळ त्याच्या तोंडाशी नाक नेलं. कच्चा कांदा, बाकी काही नाही. "गुरुजी, तुम्हीही घ्या वास." "मी कायले घेऊ?" म्हणत ते मागे सरकले. मग मी शिपायाला स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट थरथरत गालावर गेलं. तोल सांभाळणारा लहान मेंदू बिघडला की असं होतं, एवढं मी शिकले होते. दारू नाही, मेंदूचा आजार, नागपूरला तपासावे, अशी चिठ्ठी लिहिली आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला असं?" चिठ्ठी हातात धरून तो म्हणाला, "माह्या बापाले. तो बी म्हणे, पेलो नाई रे. मीच त्याले घराबाहेर काढलं." नोकरी वाचली. बापाकडून मुलाकडे आलेल्या या आजाराचं ॲटेक्सिया हे नाव मला पुढे कळलं. आता कुणी झोकांड्या खात आलं, तर घरच्यांना मी सगळ्यात आधी त्याच्या बापाची चाल विचारते.